धमकीच्या आधीची ओळ

मित्रांनो, अर्नेस्टीन गेल्याचं घरात कळलं ते माझ्यामुळे. मी तिचा जुना मोबाइल आहे. शिकागोच्या दक्षिण भागातल्या दवाखान्यात नर्सने मला तिच्या पर्समधून काढलं आणि तिच्या नवऱ्याला, ओडेलला, माझ्यावरूनच फोन लावला. तिचं नाव बघून तो म्हणाला, "काय गं, पुन्हा किल्ली विसरलीस?" नर्सने आधी आपण कोण ते सांगितलं, मग बाकीचं.

कारखाना मला आठवत नाही. मला कामाला लावलं ते अर्नेस्टीनने. ती एका संस्थेत नोकरीला होती. वस्तीतल्या टोळ्यांची पोरं सोशल मीडियावर काय लिहितात ते ती माझ्यावर वाचायची. गोळीबार होण्याआधी थांबवायचा, एवढंच तिचं काम.

"यात धमकी कुठे आहे?" ओडेल मागून वाकून विचारायचा. "पोरगा नुसता रडतोय."

"धमकी पोलीस वाचतात. मी रडणं वाचते."

"आणि माझं रडणं कोण वाचणार? जेवण गार झालं."

"गरम करून घे, म्हाताऱ्या."

कुणी मारला गेला की त्याचे मित्र त्याचं नाव आपल्या खात्याच्या नावाला जोडतात. ते दिसलं की ती चीज घातलेली मॅकरोनी भाजून त्या घरी जायची. उपदेश करायची नाही. नुसती बसायची. रडणाऱ्याच्या ओळीखाली पलीकडची टोळी हसरे चेहरे टाकते, मग दुःखाचा राग होतो. तिला त्याआधी पोचायचं असायचं. चर्चमध्ये तिचं कौतुक झालं तेव्हा मी तिच्या हातात होतो.

तिला पुरलं त्याच दिवशी टव्हारिस नावाच्या पोराने आपल्या नावाला मेलेल्या भावाचं नाव जोडलं. लिहिलं, "आजीने आज पण तुझं ताट वाढलं." मी ड्रॉवरमध्ये थरथरलो. माझ्यात तिचा आवाज आहे म्हणून ओडेल मला रोज चार्ज करायचा, पण उघडायचा नाही. संस्थेने तिच्या जागी कुणाला नेमलं नाही. त्या ओळीखाली हसरे चेहरे आले. मग शिव्या. मग टव्हारिसने पलीकडच्या टोळीतल्या एका पोराचं नाव लिहिलं, आणि चौकाचं. प्रत्येक वेळी मी थरथरलो.

तो पोरगा त्याच चौकात गोळी लागून मेला. टव्हारिसवर खटला चालला, कोर्टात सरकारी वकिलाने त्याची शेवटची ओळ मोठ्याने वाचली. ताटाची ओळ कुणी वाचली नाही. टीव्हीवर बातमी लागली तेव्हा ओडेलने आवाज बंद केला.

मित्रांनो, फोन चार्ज ठेवला म्हणजे त्याची काळजी घेतली असं नाही. आलेलं वाचा, आणि वाचून उठा.

काल ओडेलने मला पहिल्यांदा उघडलं. सगळं वाचलं. मग मॅकरोनीचं पाकीट काढून ओट्यावर ठेवलं. ते अजून तिथेच आहे. टव्हारिसची आजी दोन गल्ल्या पलीकडे राहते. तिच्याकडे अजून कुणी गेलेलं नाही.