कोरडा रुमाल

डॉक्टर वांगनी व्हर्लिन टोफ्टेच्या डाव्या नाकपुडीतून बारीक कॅमेऱ्याची नळी बाहेर काढली आणि तिच्या पाठोपाठ पाण्याचा एक थेंब त्याच्या टायवर पडला. व्हर्लिननं सवयीनं खिशातून रुमाल काढला. पांढरा, इस्त्रीचा, चौकोनी घडीचा. असे सहा रुमाल तो रोज जवळ बाळगायचा आणि संध्याकाळी सहाही धुवायला पडायचे.

"किती वर्षं वाहतंय?"

"एकतीस. फवारे सगळे मारून झाले. आता ऑपरेशनचं काय ते सांगा."

डॉक्टरबाई वयानं त्याच्या मुलीएवढ्या, पण बोलणं एकदम ठाम. त्यांनी स्क्रीन त्याच्याकडे वळवली.

"नाकाचा मधला पडदा थोडा वाकडा आहे. तो सरळ करता येईल, पण त्यानं पाणी थांबणार नाही. आतलं सुजलेलं मांस कमी केलं तर श्वास मोकळा होईल, पाणी तरीही गळेल. नाकाला पाणी सोडायला सांगणारी एक नस असते. तुमची ती गप्पच बसत नाही."

"मग तिला गप्प करा."

"दोन रस्ते आहेत. एक, नस गोठवायची. इथंच, याच खुर्चीत, जागा बधिर करून. आइस्क्रीम घाईनं खाल्ल्यावर दुखतं तसं डोकं दुखेल, बाकी काही नाही. दहातल्या सातांना गुण येतो, पण काही वर्षांनी पुन्हा सुरू होऊ शकतं. दुसरा रस्ता म्हणजे पूर्ण भूल देऊन, पार मागे जाऊन मुख्य नसच कापायची. ते जास्त खात्रीचं. फक्त तीच नस डोळ्यांनाही पाणी पुरवते. डोळे कोरडे पडतात." त्यांनी फॉर्मवर नजर टाकली. "कामधंदा लिहिला नाहीत तुम्ही."

"माणसं पोचवतो," व्हर्लिन म्हणाला. "शवपेटीपासून कबरीपर्यंत. आजोबांपासूनचा धंदा आहे."

डॉक्टर वांगनी एकदा रुमालाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"गोठवूया," व्हर्लिन म्हणाला. "डोळे राहू देत."

आमच्या हालस्टेन गावात माणसं रडत नाहीत. पूर्वज नॉर्वेहून मिनेसोटात आले तेव्हा चमचे, बायबल, गोधड्या सगळं बरोबर आणलं, रडणं तेवढं बोटीवर चढवायचं राहून गेलं. गारपिटीनं उभं पीक झोपलं तरी 'याहून वाईट झालं असतं' म्हणायचं आणि कॉफी टाकायची. पुढे होऊन काही करणं म्हणजे तर शिष्टपणाच. चर्चच्या तळघरात जेवण मांडलेलं असतं, पोटात कावळे कोकलत असतात, पण रांगेत पहिला कोणी उभा राहत नाही. शेवटी पास्टरबाईंना कोणाला तरी हाताला धरून न्यावं लागतं.

अशा गावात व्हर्लिन टोफ्टेला मोठा मान होता, कारण तो रडायचा. पेटीशेजारी उभा राहून नाक ओढायचा, रुमाल नाकाला लावायचा, मग डोळ्यांना. गेल्या वसंतात एका विधवा बाईनं गावच्या साप्ताहिकात आभाराची चिठ्ठी छापली होती : 'व्हर्लिन आमच्यासाठी आमच्यासारखाच रडला.' व्हर्लिननं ती वाचली आणि पेपर पालथा घातला. त्या अंत्यविधीच्या वेळी त्याच्या डोक्यात घर गरम ठेवणारी, बंद पडलेली भट्टी होती, दुसरं काही नाही.

"हे मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी झालं, मार्दिस," तो बायकोला म्हणाला होता. "एकतीस वर्षं खातोय."

"लोकांना बरं वाटतं ना? मग खा की."

"एकदा तरी मला कोरड्या नाकानं उभं राहायचंय. खऱ्या माणसासारखं."

"राहा बाबा. रुमाल धुण्यातनं माझे हात तरी सुटतील."

ऑक्टोबरात नस गोठवली. डॉक्टरांनी सांगितलं तसं डोकं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी थांबलं. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत नाक असं कोरडं झालं की व्हर्लिन गरम सूप पिताना मुद्दाम थांबून वाट बघायचा आणि काहीच व्हायचं नाही. तो खुशीत होता. सहाऐवजी एकच रुमाल खिशात राहिला, तोही शोभेला. डिसेंबरात दोन अंत्यविधी झाले. तो ताठ उभा राहिला, सगळं वेळेवर पार पडलं. दोन्ही घरची माणसं जरा लवकरच निघून गेली, पण थंडीच तशी होती.

जानेवारीत अर्डिस ग्रोनसेथ गेली. तिचा नवरा ऑर्विल चौऱ्याऐंशीचा, जन्मभर साखरबीटची शेती केलेला. अठ्ठावन्न वर्षांचा संसार.

आमच्याकडे प्रार्थना सुरू होण्याआधी घरच्यांना पेटीपाशी थोडा वेळ देतात आणि मग झाकण लावतात. चर्चच्या बाजूच्या खोलीत तिघंच होते : ऑर्विल, त्याचा मुलगा लायल आणि पेटीच्या पायाशी व्हर्लिन. ऑर्विलनं टोपी दोन्ही हातांत धरली होती. लायल बुटांकडे बघत होता.

"बरी दिसतेय," ऑर्विल म्हणाला.

"हो," लायल म्हणाला.

"केस चांगले बसवलेस, व्हर्लिन."

"मार्दिसनं बसवले."

बाहेर ऑर्गन सुरू झाला. ऑर्विलचा जबडा आवळलेला होता आणि तो टोपीची कड मुठीत पिळत होता. बाप लेकाकडे बघेना, लेक बापाकडे बघेना.

"चल," ऑर्विल म्हणाला. "लाव झाकण."

व्हर्लिननं झाकणाला हात घातला. त्याचं नाक खडखडीत कोरडं होतं. हेच तर त्याला हवं होतं. पण हात पुढे जाईना. एकतीस वर्षं नेमक्या याच मिनिटाला तो नाक ओढत आला होता, आणि त्याच्यानंतर, नेहमी त्याच्यानंतरच, समोरच्या माणसाचा बांध फुटायचा. डिसेंबरात दोन्ही वेळा कोणाचाच फुटला नव्हता. माणसं आली तशी, घट्ट मिटलेली, घरी गेली होती. त्याला एकदम त्या विधवा बाईची चिठ्ठी आठवली. रांगेत कोणीतरी पहिलं लागतं.

त्यानं झाकण सोडलं. रुमाल काढला, झटकून उघडला आणि नाक जोरात ओढलं. रुमाल नाकाला लावला, मग एका डोळ्याला, मग दुसऱ्याला. तीन पिढ्यांत टोफ्ट्यांनी कोणाला फसवलं नव्हतं. व्हर्लिननं आज ठरवून फसवलं आणि त्याला तिळमात्र लाज वाटली नाही. त्यानं आणखी एकदा नाक ओढलं.

ऑर्विलचा खांदा हलला. मग दुसरा. टोपी खाली पडली. मानही न वळवता त्यानं हात लांब केला, व्हर्लिनच्या हातातला रुमाल ओढून घेतला आणि त्यात तोंड खुपसलं. आतून जो आवाज आला तो बाहेरच्या ऑर्गनमध्ये बुडाला, हे बरंच झालं. व्हर्लिन घड्याळाकडे न बघता थांबला. लायल मात्र बुटांकडेच बघत राहिला.

प्रार्थना सात मिनिटं उशिरा सुरू झाली.

दफन उरकून सगळे चर्चच्या तळघरात आले. हॅमची सँडविचेस, बटाट्याचं सॅलड, कॉफी. पास्टरबाईंनी प्रार्थना म्हटली आणि शंभर माणसं भिंतींना पाठ लावून उभी राहिली. एवढ्यात ऑर्विल उठला. तो टेबलाकडेच निघाला असं समजून लोक निमूटपणे त्याच्या मागे लागले आणि चांगली लांब रांग झाली. ऑर्विल टेबल ओलांडून कोपऱ्यात व्हर्लिनपुढे जाऊन थांबला. त्याच्यामागे रांगही थांबली.

त्यानं खिशातून रुमाल काढला. मोठ्या, जाडजूड बोटांनी त्याची पुन्हा चौकोनी घडी घातलेली होती.

"मी घेतला तेव्हा हा कोरडा होता," तो फक्त व्हर्लिनला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला.

व्हर्लिनचे कान तापले. "ऑर्विल, ऐका, मी..."

"तू ऐक." त्यानं तो ओला रुमाल व्हर्लिनच्या कोटाच्या खिशात घातला आणि वरून दोनदा थोपटला. पलीकडे लायल कोरड्या, सरळ चेहऱ्यानं म्हाताऱ्या बायकांना कॉफी ओतून देत होता. ऑर्विलनं हनुवटीनं तिकडे खूण केली.

"माझ्या वेळी पण आण. पोरगा माझ्यावरच गेलाय."