प्रमाणपत्रावरचं नाव

ओसाकातल्या त्या शाळेत, शाळा सुटल्यावर, कोरियन मुलांचा एक वेगळा वर्ग भरायचा. कोरियावर जपानची राजवट होती तेव्हा त्यांचे पणजोबा इकडे आलेले. मुलं इथंच जन्मलेली, जपानीच बोलणारी आणि जपानी नावाआड दडून राहिलेली. कांगबाई त्यांना इतिहास शिकवायच्या आणि दर वर्षी एकच हट्ट धरायच्या: निरोप समारंभात प्रमाणपत्र घेताना तरी आपलं खरं, कोरियन नाव पुकारू द्या.

"आम्ही कुठं भेदभाव करतो बाई? कोण कोरियन तेसुद्धा आम्हाला कळत नाही," वर्गशिक्षक योशिमुतासर हसून म्हणायचे. ते कळू नये म्हणून पोरं किती जिवाचा आटापिटा करतात, हे त्यांच्या गावीही नव्हतं. असल्या आंधळेपणाला लोक चांगुलपणा म्हणतात.

यंदा बाईंची सगळी भिस्त मिरांगवर होती. ह्यॉन मिरांग, शाळेच्या हजेरीपटावर हारादा मिका. पोरगी हुशार, बाईंचा शब्द झेलणारी. तिच्या थोरल्या भावानं बाईंच्याच सांगण्यावरून खरं नाव घेतलं होतं.

शेवटच्या तासाला बाईंनी मुद्दाम नावांचाच धडा घेतला. कोरियन लोकांनी जपानी नावं घ्यावीत असा जपानी सरकारचा हुकूम निघाला, नाव न बदलणाऱ्यांच्या पोरांना शाळा बंद झाली, म्हातारी माणसं वाडवडिलांचं आडनाव टाकायला कचेरीपुढे रांगेत उभी राहिली.

वर्ग सुटला तशी त्यांनी मिरांगला थांबवलं. "मग सरांना कुठलं नाव सांगू?"

"हारादाच सांगा, बाई."

"घरचे नको म्हणाले का?"

"नाही. दादानं नूडलच्या दुकानात कामासाठी फोन केला होता. नाव ऐकलं आणि म्हणाले, जागा भरली. मग त्याच्या जपानी मित्रानं केला, तर त्याला म्हणाले, उद्यापासून ये. दादा आता कुठं फोनच करत नाही."

"म्हणून आपणच माघार घ्यायची? तेव्हा जबरदस्ती होती गं. आज तुला कोण अडवतंय?"

"तेच म्हणते ना मी. पणजोबांना हुकूम आला म्हणून त्यांनी नाव टाकलं. मला कुणी हुकूम दिलेला नाही. मी आपणहून टाकतेय." मग दप्तर उचलत म्हणाली, "रागावू नका हं, बाई."

बाईंना रागावताही आलं नाही. ज्या राजवटीला त्या वर्षानुवर्षं शिव्या देत आल्या, तिचं उरलेलं काम ही पोर हुकमाशिवाय पुरं करत होती, आणि तिचं चुकतंय कुठं हे बाईंना सांगता येईना.

समारंभाला त्या मागच्या रांगेत बसल्या. ऐन वेळी पोरगी फिरेल, अशी वेडी आशा होतीच.

"हारादा मिका," योशिमुतासरांनी पुकारलं.

मिरांग ताडकन उठली आणि तिनं ओ दिली. वर्षभर बाईंच्या वर्गात खरं नाव पुकारलं की दाराकडे बघत पुटपुटत हजेरी देणारी ती पोर. तिला इतक्या मोकळ्या आवाजात ओ देताना बाईंनी कधीच ऐकलं नव्हतं.