खिंडीतलं जुनं हेड

मी बोलतोय. इकडे, खाली, राखणदार देवाच्या घुमटीसमोरच्या गवतात. दगड समजून टेकायला येताय ना? टेका. पण मी दगड नाही. मी एका पिकअपच्या इंजिनाचं हेड, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं बिडाचं जाडजूड झाकण. खाली आग, पोटात पाणी, वर तेल, अशा संसारात मी सव्वीस वर्षं काढली. तुमच्या घरची भांडणं मला सांगू नका.

कुठल्याशा भट्टीत मला ओतलं. शिक्षण म्हणाल, तर गाडी शाळेच्या कुंपणाशी उभी असायची तेवढंच. बारापर्यंत पाढे येतात. तेराचा सुरू झाला की भागोजी गाडी सुरू करायचा.

हा भागोजी माझा मालक. बागांतल्या आंब्याच्या पेट्या घाटमाथ्यावर पोचवायचा. तुळसाला लग्न करून आणली तीही याच गाडीतून. त्या दिवशी मी मुद्दाम धूर सोडला. करवलीची पिवळी साडी राखाडी झाली. सगळे खोकत होते, तुळसा मात्र पदराआड हसत होती. तेव्हाच ओळखलं, ही बाई आपल्यातली.

खोड्या मी पुष्कळ केल्या. चढणीला टिकटिक करायची, भागोजीने बॉनेट उघडलं की गप्प. तो कान लावून ऐकायचा, मान हलवायचा, बॉनेट लावायचा. की परत टिकटिक. कसले दिवस होते हो!

पण भागोजीची एक सवय होती. त्याच्या बापाने शिकवलेली. देवाच्या दारात इंजिन घुरघुरत ठेवायचं नाही. घाट चढून या खिंडीत आलो की मी तापून लाल. तेवढ्यात हा खटकन इंजिन बंद करायचा, गाडी गिअरात टाकून उतरायचा, उदबत्ती लावायचा आणि पऱ्याचं, म्हणजे बाजूच्या ओढ्याचं, गार पाणी तांब्यात आणून तीर्थ म्हणून रेडिएटरात ओतायचा. मी त्याच्या मिशीवर वाफ सोडायचो. तो टुणकन उडी मारून म्हणायचा, "देव पावला."

मी हसायचो. हसता हसता तडकत होतो, ते माझं मलाच कळलं नाही.

गेल्या हंगामात घाटात गाडी बसली. हातखंब्याच्या दादू मिस्त्रीने मला उतरवलं, रॉकेलने आंघोळ घातली आणि दोन झडपांच्या मधली केसाएवढी रेघ भागोजीला दाखवली. म्हणाला, "हे काय म्हातारपणानं गेलं नाय. हे तुझ्या तीर्थानं गेलंय."

माझ्या जागी आलं अॅल्युमिनियमचं हेड. पुढच्या मॉडेलचं. अंगाने हलकं, झडपा मोठ्या, हवा भरपूर ओढणारं. मी त्याचं नाव जावईबापू ठेवलं. दादूने महिनाभर घासूनपुसून, भोकं जुळवून त्याला जुन्या ब्लॉकवर बसवलं. गाडी वाऱ्यासारखी पळायला लागली. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण टिकटिक येत नाही त्याला, एवढं समाधान.

मग दादूने भागोजीला समोर बसवलं. म्हणाला, जुनं बिडाचं होतं, सोसलं त्यानं. हे एकदा तसं केलंस तर वाकडं होईल. दुसरं मिळायचं नाही, गाडी थेट भंगारात. घाट चढलास की दोन-तीन मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, पाणी फिरू द्यायचं.

भागोजीचं तोंड एवढंसं झालं. एकीकडे बापाचा शब्द, दुसरीकडे गाडी. उठून बॉनेटवर हात फिरवत राहिला.

तुळसा म्हणाली, "बापसाचा शब्द तुमी नका मोडू. देवालाच विचारा. कौल लावा."

तर दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे खिंडीत. बाबू गुरव, दादू, नवराबायको, आणि मागच्या हौद्यात मी, फुटल्याचा पुरावा म्हणून. भागोजीचा हात सवयीने चावीकडे गेला. तुळसाने तो धरला. "ज्याचं विचारायचं ते देवाला ऐकायला नको?"

इंजिन चालू ठेवायचं म्हणजे गाडी गिअरातून काढायची. काढली, तर ती लागली मागे घरंगळायला. हँडब्रेक तर तुळसाच्या लग्नापासूनच नावाला. दादूने ब्रेकवर पाय दाबला आणि ओरडला, "माजा पाय काय दर खेपेला हितं ठेवून जाऊ?"

आजूबाजूला धड दगड नाही. भागोजीने मला पाहिलं. नवराबायकोने मला उतरवून मागच्या चाकाखाली सारलं. दादूने पाय काढला. गाडी माझ्यावर रेलली आणि थांबली.

बाबूने देवाच्या दोन्ही अंगांना फुलाची पाकळी चिकटवली आणि गाऱ्हाणं घातलं, "बा राखणदारा, ह्या लेकराची गाडी तुज्या दारात घुरघुरली तर रागावणार नसशील, तर उजवा दे."

इंजिन थरथरत होतं, जमीन थरथरत होती, घुमटी थरथरत होती. उजवी पाकळी पडली.

देवाने दिली की थरथरीने पडली, मला विचारू नका. दादूने तेवढ्यात आभाळाकडे पाहिलं. भागोजी मात्र लहान पोरासारखा रडला.

तेव्हापासून मी इथेच. भागोजी येतो, गाडी हळूच मागे सोडतो, चाक माझ्यावर टेकवतो आणि उदबत्ती लावतो. पऱ्याचं पाणी अजून आणतो, पण आता ते माझ्यावर ओततो. गार वाटतं. वर जावईबापू गुणगुणत असतात, त्यांची ऊब चाकातून माझ्यापर्यंत येते, असं आपलं मला वाटतं.

सव्वीस वर्षं मी ही गाडी या घाटातून वर आणली. आता तिला खाली जाऊ देत नाही, एवढंच काम.

तुम्ही बसा निवांत. फक्त पिकअपचा आवाज आला की उठा हो. ती जागा तिची आहे.