धाकटीचा गणवेश

आमचे बाबा शाळेचे गणवेश शिवतात. समोरून माणूस चालत आला की चष्म्याशिवाय त्याची कंबर सांगतात. अशा माणसाने स्वतःच्या धाकट्या मुलीचा गणवेश तीनदा उसवून सैल करून दिला आणि तिन्ही वेळा खूश होऊन म्हटलं, "पोरगी अंग धरतेय!"

आईने लगेच तिच्या दुधात साय वाढवली. मी दुकानात काजं-बटणं करते. मला वाटलं, चला, सगळे लाड धाकटीचेच.

पोरगी सोळा वर्षांची होती आणि तिला पाचवा महिना लागला होता.

तिला तरी कुठून कळणार? शाळेत बाईंनी तो धडा "घरी वाचा" म्हणून सोडला. घरी टीव्हीवर तसलं काही लागलं की आई बातम्या लावायची. त्यामुळे धाकटीला शेअर बाजाराची उत्तम माहिती होती. मुलगा वर्गातलाच. त्याला मामाकडे धाडलं. त्याची शाळा बदलली, हिची सुटायची वेळ आली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वय कमी, रक्त कमी. जपा." मुख्याध्यापिका म्हणाल्या, "गणवेशात आली तर परीक्षेला बसेल. नियम म्हणजे नियम." गणवेश आता तिच्या अंगाला होणार नाही याची त्यांना खात्री असावी, कारण त्या फार गोड हसल्या.

बाबांनी धाकटीशी अबोला धरला होता.

"तिला विचार, गोळ्या घेतल्या का."

"घेतल्या म्हणावं."

दोघं समोरासमोर बसलेले. मधे मी, बिनपगारी पोस्टमन.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी धाकटी पुस्तकं गोळा करून कपाटावर ठेवायला लागली. "ताई, पुढच्या वर्षी बघू."

आमची आत्याही असंच "पुढच्या वर्षी बघू" म्हणाली होती. ती आता आजी आहे.

बाबांनी मशीन थांबवलं. गळ्यातली टेप काढली. "तिला उभी राहायला सांग."

ती उभी राहिली. बाबांनी पोटाभोवती टेप धरली आणि आकडा बघायला वाकले. आतून लाथ बसली. टेप सरकली. बाबांनी पुन्हा धरली. पुन्हा लाथ.

"हलू नकोस," बाबा म्हणाले. "माप चुकतंय."

"मी कुठे हलतेय, बाबा?"

"तुला नाही बोललो."

धाकटी रडायला लागली आणि रडता रडता हसायला. मग तर पोट जास्तच हलायला लागलं. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, जणू तिथलंही माप राहिलं होतं.

"अभ्यास झाला?"

"गणित राहिलंय."

"मग उभी काय राहिलीस? काढ ती पुस्तकं खाली. नाही, तू नको चढूस. ताई काढेल."

मी स्टुलावर चढले. खाली बाबांनी निळं कापड पसरलं, खडूने रेघ मारली, विचार केला आणि आणखी बाहेरून दुसरी मारली.

"एवढं सैल?" मी विचारलं.

"पेपर काय एकच आहे?" बाबा म्हणाले. "शेवटच्या पेपरापर्यंत वाढेल की ते."