सत्तरावं लागलं

मित्रांनो, मी पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक जुना तक्ता आहे. हौशी धावपटूंच्या मंडळात भिंतीवर माझा मुक्काम. धावायला लागलेला वेळ आणि वय सांगा. त्या वयाच्या जगातल्या अव्वल धावपटूच्या तुलनेत तुम्ही किती टक्के, ते माझ्यावरून काढता येतं. माझ्या जोरावर आजोबासुद्धा नातवाला हरवत, म्हणून माझा रुबाब काही औरच होता.

मला बनवलं मुद्रितशोधक काकांनी. छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात त्यांचा जन्म गेलेला. माझा एकेक आकडा त्यांनी तीनतीनदा तपासला. माझ्यात चूक नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. तरी घात झालाच.

मंडळात एक कुलूपवाले होते. गेल्या वर्षी त्यांच्या छातीत दुखलं, तेव्हा मुलीने अट घातली होती, "बाबा, साठ टक्क्यांच्या खाली आलात की पळणं बंद. आधी डॉक्टर." तेव्हापासून दर महिन्याच्या शर्यतीनंतर ते माझ्यासमोर जीव मुठीत धरून उभे राहत.

त्या रविवारी ते धापा टाकतच आले.

"वय?" काकांनी विचारलं.

"सत्तरावं लागलं की परवा," कुलूपवाले ऐटीत म्हणाले.

काकांचं बोट सत्तरच्या ओळीवर गेलं. वर्षं पूर्ण झाली होती एकोणसत्तर. सत्तरावं नुकतंच सुरू झालं होतं. फरक एका ओळीचा. वय वाढलं की त्याच वेळेला टक्के जास्त मिळतात; खऱ्या, एकोणसत्तरच्या ओळीत एकोणसाठ टक्के निघाले असते, या ओळीत साठ निघाले.

"काठावर पास," काका हसले.

"आज दम फार लागला हो."

"अहो, तक्ता काय म्हणतो बघा. ठणठणीत आहात."

मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पुढच्याच आठवड्यात सराव करताना कुलूपवाले मैदानात कोसळले. जीव वाचला, पण आता चार पायऱ्या चढल्या तरी कठडा धरून खाली बसतात. मुलगी मंडळात आली. भांडली नाही. माझ्यावर बोट ठेवून एवढंच म्हणाली, "काका, माझे बाबा अजून एकोणसत्तरचेच आहेत."

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी लाल पेनाने माझ्या माथ्यावर लिहिलं, 'पूर्ण झालेलं वय विचारणे.' पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं, पण त्यांना पुढचं काही सुचेना.

ते मी सांगतो, मित्रांनो. मला वेळ कळतो, वय कळतं. धाप कळत नाही. समोरचा माणूस दम लागला म्हणाला, तर माझ्याकडे पाठ करा आणि त्याच्याकडे बघा.