पित्त ओळखणारा ससा

सोमवारी सकाळी साडेआठला, अर्जुनी मोरगावजवळच्या एका गावात, तलावाच्या पाळीवर सशाने बाविसावा रोगी हुंगला.

रोग्याच्या मुठीत प्रसादाची कोथिंबीर असे. पांढरा ससा नाक हलवत तिच्याकडे आला की बिसराम महाराज डोळे मिटून म्हणत, "पित्त हाय." मग ते रोग्याचे हात आपल्या हातांत घेऊन परातीतल्या चुन्याच्या निवळीत चोळत. पाणी बघता बघता पिवळंजर्द होई. सशाने पित्त खेचलं, कावीळ गेली.

तेविसावे होते जियालाल. दहा दिवसांपासून त्यांचे डोळे पिवळे होते, अन्न जात नव्हतं. मुलगी सोनिका नागपूरहून आली होती ती त्यांना दवाखान्यात न्यायला. पण जियालालनी एकच धरलं होतं: आधी ससा.

सोनिकाला जास्त लाज वाटत होती ती याची, की हा ससा गावात तिच्यामुळेच आला होता. दिवाळीत आईने, तुलसाबाईंनी, विचारलं होतं, "तुह्या त्या लॅबमंदी होते तरी काय?" सोनिकाने सांगितलं: यकृताच्या पेशींत पित्ताम्ल ओळखणारं एक प्रथिन असतं. त्याचा तुकडा सशाला टोचला की सशाच्या रक्तात त्या प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडं तयार होतात. ती वेगळी करून कुपीत भरतात. तपासायचा नमुना पट्टीवर लावला, की त्यात ते प्रथिन असेल तिथे ती चिकटतात आणि रंग उमटतो. शेजारी सांगताना तुलसाबाईंनी हे आटोपशीर केलं: "सशाले पित्त समजते." होळीपर्यंत बिसरामनी ससा आणला होता.

"तूच तं सांगितलं," तुलसाबाई कुजबुजल्या. "आता काऊन तोंड वाकडं करून राहिली?"

"मी कुपीचं सांगितलं, माय. सशाचं नाही."

"कुपी सशातूनच निघते ना?"

"दूध गाईतून निघते. चहात कोणी गाय टाकते का?"

सोनिकाचं लक्ष महाराजांच्या हातांवर होतं. सशाची प्रतिपिंडं नाना तऱ्हेची, मिसळलेली. ती भलत्यालाही चिकटतात. म्हणून लॅबमध्ये दरवेळी एक पट्टी कोरी ठेवायची, नमुन्याशिवाय. ती रंगली तर समजायचं, रंग नमुन्याचा नाही, आपल्याच हातचा. पाळीवर बावीस रोगी झाले होते, कोरी पट्टी एकही नव्हती.

तिने दुसऱ्या परातीत ताजी निवळी ओतली. "महाराज, बाबूजी आपले हात आपणच धुतील. तुम्ही नुसता मंत्र म्हणा."

"ससा रागवंल, पोरी."

"सशाला मी समजावते. आमची जुनी ओळख आहे."

लोक हसले. जियालालनी हात चोळले. पाणी होतं तसंच राहिलं.

"पाहा," महाराज म्हणाले. "ससा रुसला. पित्त आत लपलं."

"मग आता तुमचे हात धुवा. एकट्याचे."

महाराज सशाकडे पाहू लागले.

"धुवा ना, महाराज," तुलसाबाई म्हणाल्या. "तुमाले कायचं भेव?"

सगळं गाव बघत होतं. महाराजांनी हात बुडवले. पाणी पिवळंजर्द झालं.

"बाप्पा," तुलसाबाई म्हणाल्या, "महाराजालेच कावीळ."

महाराजांच्या मागे लोट्यात आंब्याच्या सालीचा काढा होता. दर रोग्याआधी ते त्यात हात भिजवत. सोनिकाने त्यातला चमचाभर ताज्या निवळीत टाकला. ना हात, ना रोगी, तरी रंग तोच. कोथिंबिरीचं गुपित तर सशाने कधी लपवलंच नव्हतं.

"म्हणजे माहं पित्त आतच हाय?" जियालालनी विचारलं.

"हो, बाबूजी. म्हणून तर गोंदियाच्या दवाखान्यात चला."

बरीचशी कावीळ विश्रांतीने उतरते आणि श्रेय परातीला जातं. जी उतरत नाही, तिचे मोलाचे दिवस परात खाते. कोणी रंग दाखवला तर एवढंच विचारावं: रोगी नसताना कोणता रंग येतो?

अकराच्या बसने जियालाल गेले. रक्त दिलं आहे, रिपोर्ट अजून यायचा आहे. महाराज त्याच दुपारी निघून गेले. ससा मागे राहिला, तो तुलसाबाईंच्या अंगणात आहे. बुधवारी सकाळी गावातल्याच सुशीलाबाई पिवळ्या डोळ्यांच्या सुनेला घेऊन दारात आल्या. "ससा हाय का घरी?" त्यांनी विचारलं. तुलसाबाईंनी त्यांना बसची वेळ सांगितली.

त्या दोघी बसमध्ये चढल्या की नाही, ते अजून कळलेलं नाही.