हात ओढणीत ठेव

धुळ्याच्या स्टँडवर उतरता उतरता मी लेकीला, दीपमालाला, पुन्हा बजावलं, "हात ओढणीतच ठेव. कोणी काही दिलं तरी घेऊ नको."

कडबा कुट्टीच्या यंत्रात तिच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली, त्याला सहा वर्षं झाली. सरकारी दवाखान्याच्या बोर्डानं पंचेचाळीस टक्के अपंगत्व लिहून दिलं. चाळीसच्या खाली गेलं की सवलती बंद, तो दाखला असून नसल्यासारखाच. म्हणून आमच्या धरणगावकडे तपासणीला निघालेल्याला जो तो शिकवतो, लाचार दिसायचं. गल्लीतल्या झिपरू आबांनी डॉक्टरांसमोर सदऱ्याची गुंडी स्वतः लावली आणि त्यांचे अडतीस टक्के झाले, असं सगळे सांगतात.

आता हे दिव्यांगांना काम शिकवणारं केंद्र. सहा महिने शिवणकाम, राहायची सोय, पुढे नोकरीसाठी मदत. अर्ज दीपमालानंच मोबाईलवर भरला होता. पण बोलावणं आलं ते चाचणीचं. चाचणी म्हणजे पुन्हा टक्के मोजणार, असंच मी धरून चालले.

तिथले अधिकारी जितेंद्र सर. तरुण, गोड बोलणारे. आल्या आल्या त्यांनी चहा मागवला. सरकारी कचेरीत आपल्याला कोण चहा पाजतं? मी लगेच ओळखलं, ही कप कसा धरते ते बघायचंय. माझा गुरुवार होता, मी काही घेणार नव्हते. तिचा कप मात्र मीच उचलला, बशीत ओतला आणि तिच्या ओठांना लावला. बावीस वर्षांची पोर. तिचे कान लाल झाले.

सरांनी नटबोल्टचा ट्रे पुढे सरकवला. "जमेल तसं लाव, ताई. घाई नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी नजरेनंच नको म्हटलं.

"घरी काय काय करते ही, अक्का?"

खोटं बोलायचं नाही हा माझा रोजचा नेम. म्हणून इतकंच म्हटलं, "आता काय सांगू भाऊ, हात तर तुम्ही बघताच आहात."

"कुठे बघतोय? ओढणीत आहे तो," सर हसले. मी हसले नाही. मग त्यांनी फॉर्म ओढून घेतला. "हाताचं थोडंही काम जमत नसेल, तर या तुकडीत घेता येणार नाही. एकच जागा उरलीय आणि यादी आज दुपारी जाते."

मला सुटल्यासारखं वाटलं. तेवढ्यात दीपमाला ताडकन उठली.

"माय, तुले माहीत शे ना, मी बठ्ठं करस!"

तिनं हात बाहेर काढला. अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत नट धरून ती भराभर फिरवायला लागली. "सर, मी सगळं करते. भाकरी थापते, कापूस वेचते, मायचे ब्लाउज मीच शिवते. लिहा."

सर लिहीत होते. दर ओळीला एकेक टक्का उतरतोय असं मला वाटत होतं.

"हे दवाखान्यात कळवणार ना तुम्ही?"

"नाही हो अक्का. टक्के डॉक्टर ठरवतात. आमच्या चाचणीचा त्यांच्याशी काही संबंध नाही."

"मग कागदावर लिहून द्या तसं."

"असं आजवर कोणी मागितलं नव्हतं," म्हणत त्यांनी लिहून दिलं, सही केली, शिक्का मारला. शिक्का जरा पुसट वाटला म्हणून मी दुसऱ्यांदा मारायला लावला. कागद दीपमालाकडून दोनदा वाचून घेतला. जागा तिला मिळाली. सोमवारी सामान घेऊन यायचं ठरलं.

बाहेर फाटकाशी ती थांबली. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी सकाळपासून त्या सरांकडे बघत होते.

"खरं सांग माय. तुले टक्कासनं भ्याव व्हतं, का मी घर सोडी जासू यानं?"

रिक्षावाला हाका मारत होता. मी पिशवीत उगाच काही शोधलं.

"दोन्हीसनं भ्याव व्हतं," मी म्हटलं.

तिनं रिक्षावाल्याला थांबायची खूण केली. मी मागे वळले, राहायच्या खोल्यांना आतून कडी आहे का ते स्वतः बघून यायला.